रॉकेट कंपन्यांना सरकारी पैसा द्यावा का? आधी ठेकेदाराचं बिल कसं पास होतं ते बघा

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत नासा स्पेसएक्स, बोइंग, ब्लू ओरिजिन वगैरेंना अब्जावधी डॉलर देते, मग ह्या कंपन्या खाजगी कशा काय, आणि लोकांच्या टॅक्सचा पैसा अब्जाधीशांच्या रॉकेटला का घालायचा. आणि पुढे असंही विचारलंय की आपल्या सरकारनेही स्पेस स्टार्टअपसाठी १००० कोटींचा फंड मंजूर केलाय तर इथेही तेच होणार का.

मी २६ वर्षं हेवी फॅब्रिकेशनमध्ये काढली, त्यातली निम्म्याहून जास्त कॉस्टिंग आणि कॉन्ट्रॅक्टच्या टेबलावर. मोठ्या व्यासाच्या स्टीलच्या शेल, रिंगा, टेस्ट स्टँडचे सांगाडे असलं काम, गिऱ्हाईक बहुतेक डिफेन्स आणि स्पेसवाले. रॉकेट डिझाइन करणं माझं क्षेत्र नाही, पण रॉकेटचं बिल कसं तयार होतं, कुठे अडकतं आणि कुठे फुगतं ते मी रोज बघितलंय, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो.

पहिली गोष्ट, अंतराळात सरकारी पैसा आणि खाजगी कंपनी हे लग्न नवीन नाहीच. अपोलोचं चांद्रयान ग्रमन कंपनीने बांधलं होतं, शटलचं ऑर्बिटर रॉकवेलने. आपल्याकडे इस्रोच्या रॉकेटची विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतात, रॉकेटच्या मोटर केसिंग इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला बनतात, हे बऱ्याच मराठी लोकांनाही माहीत नसतं. म्हणजे काम खाजगी शॉपफ्लोरवर आणि पैसा सरकारचा हे पहिल्यापासून आहे, बदललंय ते एवढंच की पैसा कुठल्या अटीवर सुटतो. म्हणून कोणी मला विचारलं की सरकारने पैसे द्यावेत का, तर मी उलट एकच विचारतो, काम लांबलं तर जादा खर्च कोणाच्या खिशातून जाणार? ह्या प्रश्नाचं उत्तर ज्या ठेक्यात स्पष्ट नाही त्या ठेक्याला माझा विरोध आहे, मग कंपनी कुठलीही असो.

जुनी पद्धत म्हणजे कॉस्ट प्लस. ठेकेदाराने जेवढे तास लावले, जेवढा माल वापरला, ऑफिसचा ओव्हरहेड, सगळ्याचं बिल द्यायचं आणि वर त्याची ठरलेली फी. ऐकायला हे वाईट वाटतं पण ही पद्धत मूर्खपणाने आलेली नाही हे आधी सांगतो. जी वस्तू जगात कोणीच बनवलेली नाही तिचा भाव कोण आणि कसा कोट करणार? १९६२ साली चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा फिक्स्ड रेट कोणी दिला असता तर त्याला एक तर काम कळलं नव्हतं किंवा तो खोटं बोलत होता. तिथे कॉस्ट प्लस हाच प्रामाणिक मार्ग होता.

पण तीच पद्धत ओळखीच्या कामाला लावली की काय होतं बघा. नासाच्या एसएलएस रॉकेटच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीसाठी नवा मोबाईल लाँचर लागणार होता, म्हणजे रॉकेट ज्याच्यावर उभं राहतं तो प्लॅटफॉर्म आणि बाजूचा टॉवर. २०१९ मध्ये बेक्टेल कंपनीला कॉस्ट प्लसवर काम दिलं, किंमत ३८.३ कोटी डॉलर, आणि डिलिव्हरी २०२३ ला. २०२४ मध्ये नासाच्याच इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे आतल्या तपासनिसाने, रिपोर्ट दिला की खर्च २.७ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि डिलिव्हरी २०२९ पर्यंत. सातपट! मी आयुष्यभर स्टीलचे सांगाडे कोट केलेत म्हणून हा आकडा वाचून मला खरंच राग आला. काम अवघड आहे हे मान्य, टॉवरचं वजन आटोक्यात ठेवणं, क्रायोजेनिक लाइनी, सगळं मान्य, पण हे टॉवरचं काम आहे, मंगळावर शहर वसवायचं नव्हतं. तिथे उशीर झाला की ठेकेदाराचं नुकसान होत नाही, तासांचं बिल चालूच राहतं, मग घाई कोणाला असणार? माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही, पण शॉपफ्लोरवर मी हे बघितलंय की ज्या जॉबचे तास गिऱ्हाईक भरतं त्या जॉबवर क्रेन सगळ्यात शेवटी येते.

एसएलएसचंही तेच, २०१६ अखेरपर्यंत तयार व्हायला हवं होतं ते पहिल्यांदा नोव्हेंबर २०२२ ला उडालं, आणि चंद्रावर परत जायच्या पहिल्या चार आर्टेमिस मोहिमांचा खर्च दर उड्डाणाला सुमारे ४.१ अब्ज डॉलर पडणार असा इन्स्पेक्टर जनरलचा हिशोब आहे.

आता नवी पद्धत. २००३ ला कोलंबिया गेलं, कल्पना चावला आणि तिचे सहा साथीदार गेले, त्यानंतर शटल बंद करायचं ठरलं आणि नासापुढे प्रश्न आला की स्पेस स्टेशनला सामान कोण नेणार. २००६ मध्ये त्यांनी कॉट्स नावाचा कार्यक्रम काढला. त्यात गंमत अशी की नासाने रॉकेट विकत घेतलंच नाही, डिझाइनवर मालकीही सांगितली नाही, फक्त टप्पे लिहून दिले. डिझाइन रिव्ह्यू पास झाला की एवढे, इंजिन टेस्ट झाली की एवढे, बाहेरून एवढं भांडवल उभं केल्याचं दाखवलं की एवढे, यान स्टेशनपर्यंत गेलं की एवढे. टप्पा नाही तर चेक नाही. आपल्याकडे बिल्डरला स्लॅबप्रमाणे पैसे देतात ना, साधारण तसंच समजा.

पहिल्या दोन कंपन्या होत्या स्पेसएक्स आणि रॉकेटप्लेन किस्लर. ह्यातली दुसरी आता कोणाला आठवत नाही आणि मला वाटतं ह्या सगळ्या वादात सगळ्यात महत्त्वाची कंपनी तीच आहे. तिला साधारण २०.७ कोटी डॉलर मिळणार होते. खाजगी भांडवल उभं करायचा टप्पा तिला जमला नाही, नासाने ऑक्टोबर २००७ मध्ये करार तोडला, तोपर्यंत गेले होते फक्त ३.२ कोटी. उरलेल्या पैशातून २००८ च्या सुरुवातीला ऑर्बिटल सायन्सेसला घेतलं आणि त्यांचं सिग्नस यान पुढे स्टेशनला सामान न्यायला लागलं. सरकारी खात्याने एक ठेकेदार वर्षभरात ओळखला, थांबवला, आणि पैसे वाचवून दुसऱ्याला दिले. ज्यांनी सरकारी ऑर्डरी केल्यात त्यांना विचारा हे किती दुर्मिळ आहे, आपल्याकडे तर एकदा पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, निघाली की काम बुडतंय हे सगळ्यांना दिसत असतं तरी कोणी फाइलवर लिहीत नाही.

स्पेसएक्सला कॉट्समध्ये शेवटी ३९.६ कोटी डॉलर मिळाले आणि त्याहून थोडे जास्त कंपनीने स्वतःचे घातले. फाल्कन ९ बनवायला कंपनीने दाखवलेला खर्च साधारण ३० कोटी डॉलर. नासाने २०११ मध्ये आपल्या नेहमीच्या कॉस्ट मॉडेलमध्ये तेच रॉकेट टाकून बघितलं, जुन्या पद्धतीने केलं असतं तर आकडा आला जवळजवळ ४ अब्ज. मे २०१२ मध्ये स्पेसएक्सचं ड्रॅगन यान स्टेशनला जोडलं गेलं. त्यामुळे कोणी म्हणालं की हे सगळं सबसिडीवर उभं आहे तर ते अर्धं खरं आहे. डिसेंबर २००८ चा नासाचा सामान न्यायचा १.६ अब्ज डॉलरचा बारा फेऱ्यांचा करार मिळाला नसता तर ती कंपनी बहुधा वाचली नसती, त्याआधी त्यांची तीन रॉकेटं लागोपाठ पडली होती आणि चौथं कसंबसं वर गेलं होतं. पण त्या पैशाच्या बदल्यात सामान पोचवायचं होतं, आणि ते पोचलं. मी ह्याला सबसिडी म्हणत नाही, ही ऑर्डर आहे. अमेरिकेने १९२५ च्या कायद्याने टपाल खाजगी विमानांनी न्यायला सुरुवात केली, आणि तिथल्या कित्येक विमान कंपन्या त्या टपालाच्या पैशावरच उभ्या राहिल्या.

इथपर्यंत वाचून वाटेल की फिक्स्ड प्राइस म्हणजे रामबाण. अजिबात नाही, आणि हे मी स्वतः पोळून घेऊन शिकलोय. आमच्याकडे एकदा टेस्ट स्टँडच्या स्ट्रक्चरची ऑर्डर आली होती, फिक्स्ड रेट, मी स्वतः कोट केलेली. काम सुरू झालं आणि ड्रॉइंगची रिव्हिजन यायला लागली, ए, बी, सी करत एफ पर्यंत गेली. प्रत्येक वेळी पत्रात लिहिलेलं असायचं की बदल किरकोळ आहे. त्यातल्या एका किरकोळ बदलात वेल्डची स्पॉट रेडिओग्राफी, म्हणजे काही ठिकाणचाच एक्सरे, होती ती शंभर टक्के झाली, ज्याने हे काम केलंय त्याला कळेल की ह्या एका ओळीने जॉबचा सगळा हिशोब उलटतो. आम्ही जादा रक्कम मागितली, अमेंडमेंटची फाइल चौदा महिने फिरली, आणि शेवटी डिलिव्हरीला उशीर म्हणून आमच्याच बिलातून एलडी, म्हणजे उशिराचा दंड, कापली. त्या जॉबवरचे दोन उत्तम वेल्डर, ज्यांच्या हातच्या जोडात एक्सरेला कधी काही निघायचं नाही, ते ओव्हरटाइम थकला म्हणून सोडून आखातात गेले. ते परत आले नाहीत आणि ते नुकसान कुठल्याच बॅलन्सशीटमध्ये दिसत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की ड्रॉइंग गोठलेलं असेल तरच फिक्स्ड प्राइस. काय हवंय हे गिऱ्हाइकाला पक्कं माहीत पाहिजे आणि मधेच बदलायची त्याला सवय नको. स्टेशनला सामान नेणं हे असं काम होतं, शटलने आणि रशियन यानांनी ते वर्षानुवर्षं केलेलं.

आणि मग स्टारलायनर, बोइंगचं माणसं नेणारं यान. सप्टेंबर २०१४ मध्ये माणसं न्यायचे करार झाले, बोइंगला ४.२ अब्ज, स्पेसएक्सला २.६ अब्ज, दोघांना तेच काम. तेव्हा सगळे म्हणत होते की बोइंग म्हणजे खात्रीचं. डिसेंबर २०१९ च्या पहिल्या चाचणीत यानाचं घड्याळच चुकलं आणि ते स्टेशनला पोचलं नाही. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर त्यातून वर गेले, साधारण आठ दिवसांसाठी, आणि हेलियमची गळती, थ्रस्टर बंद पडणं हे सगळं होऊन शेवटी यान रिकामं परत आणलं. ते दोघं मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून उतरले, २८६ दिवसांनी. ते दिवस आपल्याकडे घराघरात लोक बातम्या बघत होते, माझी आई रोज विचारायची आली का रे ती पोर खाली.

पण पैशाचं बघा. स्टारलायनरवर बोइंगला आतापर्यंत सुमारे २ अब्ज डॉलरचा तोटा दाखवावा लागलाय, आणि तो कंपनीने सोसलाय, टॅक्स भरणाऱ्याने नाही. कॉस्ट प्लस असता तर हेच २ अब्ज सरकारने भरले असते वर फी देऊन. म्हणजे अपयश आलं तरी ठेक्याने आपलं काम केलं. तरी एक डाग आहेच, २०१९ च्या इन्स्पेक्टर जनरलच्या रिपोर्टमध्ये आलं की फिक्स्ड प्राइस असताना नासाने बोइंगला २८.७ कोटी डॉलर जादा कबूल केले होते, कारण काय तर पुढे फेऱ्यांत खंड पडेल ही भीती. मोठा ठेकेदार फिक्स्ड प्राइसमध्येही हात पिरगाळू शकतो, हे लक्षात ठेवा. त्याच रिपोर्टमध्ये एका सीटचा हिशोब आहे, बोइंगची ९ कोटी डॉलर, स्पेसएक्सची ५.५ कोटी.

विरोध करणारे सगळे काही जुन्या कंपन्यांचे वकील नव्हते हेही सांगायला हवं. २०१० मध्ये ओबामांनी चंद्रावर परत जायचा कॉन्स्टेलेशन कार्यक्रम बंद करून माणसं न्यायचं काम खाजगी कंपन्यांना द्यायचं ठरवलं तेव्हा नील आर्मस्ट्राँग आणि युजीन सर्नन, म्हणजे चंद्रावर पाऊल ठेवणारा पहिला आणि तिथून निघालेला शेवटचा माणूस, दोघांनी अमेरिकेच्या संसदेत जाऊन विरोध केला. बझ ऑल्ड्रिन मात्र बाजूने होते. आर्मस्ट्राँग वगैरेंची भीती ही होती की अनुभव नसलेल्यांच्या हातात माणसांचे जीव देतोय आणि मधल्या काळात अमेरिकेकडे स्वतःचं यानच नसेल. दुसरी भीती शंभर टक्के खरी ठरली, जुलै २०११ ला शटल थांबलं आणि मे २०२० पर्यंत अमेरिकेच्या जमिनीवरून माणूस कक्षेत गेला नाही. पण ह्यात संसदेचाही वाटा आहे, २०१२ साठी ८५ कोटी डॉलर मागितले तर मिळाले ४० कोटींच्या आसपास, पुढची दोन वर्षंही मागणीपेक्षा कमीच. आणि त्याच काळात रशियाच्या सोयूझच्या सीट घेत बसले, २००६ ते २०२० मध्ये ७० सीट, ३.९ अब्ज डॉलर. घरच्या ठेकेदाराचा टप्पा थकवायचा आणि बाहेरून चढ्या भावाने माल घ्यायचा, ही काटकसर कुठली?

मला खरी काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची, एकच सप्लायर उरण्याची. परचेसमध्ये काम केलेला कोणीही सांगेल, सिंगल टेंडर म्हणजे गळ्यात धोंडा. स्टारलायनर अडकल्यावर माणसं न्यायला अमेरिकेकडे ड्रॅगन सोडून काही राहिलं नाही, आणि भाव बघा, २०२२ मध्ये वाढवून घेतलेल्या पाच फेऱ्यांचा हिशोब केला तर सीट साधारण ७.२ कोटी डॉलरला पडते. महागाई धरली तरी दिशा दिसते. आणि जून २०२५ मध्ये मस्क आणि ट्रम्प यांचं जाहीर भांडण झालं तेव्हा मस्कने चक्क ड्रॅगन बंद करतो म्हणून टाकलं, काही तासांत मागे घेतलं ते सोडा, पण स्टेशनवर माणसं असताना त्यांची जायची यायची गाडी एका माणसाच्या रागावर अवलंबून असणं हे मला भयंकर वाटतं. ह्याचा दोष मी कंपनीपेक्षा गिऱ्हाइकाला देतो. चंद्रावर उतरणाऱ्या यानासाठी नासाने २०२१ मध्ये ३.३ अब्ज मागितले, संसदेने दिले ८५ कोटी, मग दोन कंपन्या घ्यायच्या तिथे एकट्या स्पेसएक्सला २.८९ अब्जांचा करार गेला, ब्लू ओरिजिन कोर्टात गेली, हरली, आणि शेवटी २०२३ मध्ये तिलाही ३.४ अब्जांचा करार दिलाच. दुसऱ्या सप्लायरचे पैसे वाचत नसतात, ते नंतर द्यावे लागतात, तेही जास्त.

ज्या सरकारी पैशाला मी सरळ नाही म्हणेन त्याचंही उदाहरण देतो. न्यू मेक्सिको राज्याने वाळवंटात स्पेसपोर्ट अमेरिका बांधला, सुमारे २२ कोटी डॉलर लोकांचे, त्यासाठी आजूबाजूच्या दोन काउंटींनी विक्रीकर वाढवून घेतला, आणि मुख्य भाडेकरू कोण तर श्रीमंतांना काही मिनिटं वर नेऊन आणणारी व्हर्जिन गॅलेक्टिक. पहिलं व्यावसायिक उड्डाण व्हायला २०२३ उजाडलं आणि जून २०२४ नंतर ते यान निवृत्त करून पुढचं तयार होईपर्यंत उड्डाणं बंद. इथे सरकारने काही विकत घेतलं नाही, कुठला टप्पा नाही, जनतेचं कुठलं सामान कुठे पोचवायचं नाही. त्या भागातल्या दुकानात साबण घेणारी बाई दुसऱ्याच्या सहलीचे पैसे भरतेय. ह्याला विरोध करणारे लोक बरोबर आहेत आणि त्यांना विज्ञानविरोधी म्हणणं चूक आहे.

आता आपलं. २०२० ला इन-स्पेस, म्हणजे खाजगी कंपन्यांना अंतराळातल्या कामाची परवानगी देणारी सरकारी संस्था, स्थापन झाली, नोव्हेंबर २०२२ ला स्कायरूट ह्या स्टार्टअपचं विक्रम-एस रॉकेट उडालं, मे २०२४ ला अग्निकुल ह्या दुसऱ्या स्टार्टअपचं रॉकेट श्रीहरिकोटाहून, दोन्ही कक्षेत जाणारी नव्हती पण सुरुवात म्हणून मला मनापासून आनंद झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅबिनेटने १००० कोटींचा व्हेंचर फंड मंजूर केला. पैसे देण्याला माझा विरोध नाही. पण फंड म्हणजे शेअर घेऊन भांडवल देणं, त्यात सरकार भागीदार होतं, गिऱ्हाईक होत नाही, आणि छोट्या कंपनीला भांडवलापेक्षा खात्रीच्या ऑर्डरची भूक जास्त असते. ऑर्डर हातात असली की बँक दारात उभी करते. एचएएल आणि एल अँड टीला पाच पीएसएलव्ही बनवायची ८६० कोटींची ऑर्डर २०२२ मध्ये दिली ती मला ह्या दृष्टीने जास्त मोलाची वाटते, भले त्या मोठ्या कंपन्या असोत.

मी सरकारच्या जागी असतो तर पुढच्या पाच वर्षांत किती छोटे उपग्रह सोडायचेत ते आजच जाहीर केलं असतं, त्यातल्या ठरावीक फेऱ्या किमान दोन खाजगी कंपन्यांना कबूल केल्या असत्या, टप्प्याटप्प्याने पैसे, पहिल्या दोन उड्डाणांत रॉकेट पडलं तर काळ्या यादीत टाकायचं नाही पण टप्प्याचे पैसेही द्यायचे नाहीत. एल-१ ची, म्हणजे सगळ्यात कमी कोटलाच काम द्यायची, सक्ती काढली असती, कारण सगळ्यात स्वस्त कोट देणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याला काम कळलेलं नाही. आणि टप्पा पास झाला की ४५ दिवसांत पैसे खात्यात, ही अट मी सगळ्यात वर लिहिली असती. आमच्या धंद्यात लहान कारखाने तोट्याने कमी आणि थकलेल्या बिलांनी जास्त बुडालेत, त्यातले तीन माझ्या ओळखीचे होते, चाकण आणि भोसरीचे, हातात कौशल्य असलेली माणसं.